दस्तगीरभाईंनी वाजवलेलं

"आणखी एकदा घेऊ या," गोधडीच्या पलीकडून दस्तगीरभाई म्हणाले. "मधे जरा घसरलं बघ."

"नको. मस्त झालंय," मी म्हणालो.

"खरं सांगालायस?"

"खरंच."

शुक्रवारची दुपार होती. इचलकरंजीत आमच्या गल्लीत तेव्हा दोन्ही बाजूंना यंत्रमाग होते, आणि शुक्रवारी ते बंद असायचे. एरवी घरात शेजारच्याशी बोलायचं तरी आवाज चढवावा लागे. म्हणून आमचं रेकॉर्डिंग शुक्रवारीच. माडीवरच्या खोलीला आईच्या सहा गोधड्या टांगल्या होत्या, खिडकीत गादी उभी केली होती. एका कोपऱ्यात ढोलकी, तिच्या दोन पुड्यांसमोर, म्हणजे चामडं चढवलेल्या दोन तोंडांसमोर, दोन माइक. मी दाराशी, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

आम्ही तिघं होतो. रेवती हुक्किरे शाळेत संगीत शिकवायची. ती गायची आणि पेटी वाजवायची. मी गिटार वाजवायचो, दिवसा कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचो, आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग स्वतःच शिकत होतो. दस्तगीर मुजावर आमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. व्यवसायानं जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारे; पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते ढोलकीसाठी. आमच्यासारख्या पोरांबरोबर ते का वाजवत, हे मला कधी कळलं नाही. "तुमच्यात बसलं की वय विसरतं," एवढंच म्हणायचे. मला ते अरे-तुरे करत आणि डोक्यात टपलीही मारत.

त्याआधीच्या जुलैत एक माग दुरुस्त करताना त्यांचा उजवा हात पट्ट्यात गेला होता. हात वाचला. पण मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही आखडून बसली. सहा महिने ते दवाखान्यात व्यायामाला जात होते. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, पहिलं वर्ष महत्त्वाचं आहे. या वर्षात बोटं जेवढी मोकळी होतील तेवढी होतील, नंतर मग अवघड. वितळवलेल्या गरम मेणात हात, रबरी चेंडू दाबणं, एकेक बोट मागं ओढणं. ते ओढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, असं त्यांच्या बायकोनं, शमाभाभींनी, सांगितलं होतं.

जानेवारीत ते स्वतःच म्हणाले, "गाणं थांबवू नका माझ्यासाठी. मी वाजवतो. जमलं तर ठेवा."

आणि त्या शुक्रवारी त्यांनी वाजवलं. एकदाच. चार मिनिटं. दुसऱ्यांदा घ्यायला मी नको म्हणालो, कारण पहिल्या मिनिटातच मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला होता. ते हात चोळत बाहेर आले, आईनं दिलेला चहा त्यांनी डाव्या हातानं घेतला.

"ऐकव की," ते म्हणाले.

"आत्ता नको. सगळं एकत्र बसवून ऐकवतो."

"बरं. तू म्हणशील तसं."

ते गेल्यावर मी त्यांचा ट्रॅक उघडला. पडद्यावर ढोलकीचा प्रत्येक ठोका काट्यासारखा उभा दिसतो, आणि मागं तालाच्या उभ्या रेघा असतात. ठोका रेघेवर बसला तर बरोबर. दस्तगीरभाईंचे ठोके पहिल्या कडव्यात रेघेवर होते. नंतर ते मागं पडायला लागले होते. काही रेघा नुसत्याच रिकाम्या होत्या. शेवटच्या द्रुत भागात तर सगळा गुंता दिसत होता. मी तेवढं बघितलं, आणि पहिल्या कडव्यातला चांगला आठ मात्रांचा तुकडा कापला. तो उचलून पुढं लावला. मग आणखी पुढं. द्रुतासाठी एकेक ठोका सुटा केला आणि मोजून जवळजवळ मांडला. क्लासवरून आलो की संध्याकाळी जेवणापर्यंत हेच. चार दिवसांत ढोलकी सरळ झाली. वाजवण्याआधी ते घशातून एक बारीक "हं" काढत. तुकड्याबरोबर येणारा तो मात्र मी कडव्यांच्या सुरुवातीला राहू दिला. त्यामुळं माणूस समोर बसून वाजवतोय असं वाटत होतं.

रेवतीनं ऐकलं. मग म्हणाली, "ढोलकी एवढी साफ आली? मी होते की त्या दिवशी."

"थोडी सफाई केली."

"थोडी?"

"करतात सगळेच."

"करू देत. त्यांना सांगितलंयस ना?"

"हो," मी म्हणालो.

सांगितलं नव्हतं. सांगणार होतो. रविवारी ते ऐकायला आले, पांढरा शर्ट घालून, भाभींना घेऊन. शमाभाभी आमच्या घरी पहिल्यांदाच येत होत्या. त्या आईजवळ खाली बसणार होत्या, पण दस्तगीरभाईंनी त्यांना वर आणलं. मी दस्तगीरभाईंच्या कानांवर हेडफोन बसवला आणि गाणं लावलं. भाभींना काही ऐकू येत नव्हतं; त्या फक्त नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. द्रुत भाग आला, तसा त्यांचा डावा हात मांडीवर हलायला लागला. गाणं संपलं तरी त्यांनी हेडफोन काढला नाही.

"परत लाव," म्हणाले.

मी परत लावलं. मग त्यांनी हेडफोन काढून भाभींच्या कानाला लावला आणि म्हणाले, "ऐक. हात आला."

भाभींनी ऐकलं आणि पदरानं डोळे टिपले.

"मला वाजवताना वाटत होतं, सगळं हातातून सुटालंय," ते मला म्हणाले. "दवाखान्यातल्या बाई म्हणतच होत्या, भीती मनात बसलीय म्हणून. तेवढंच होतं बघ. हात कधीच आलाय."

तेव्हा सांगायला हवं होतं. भाभी समोर होत्या, त्यांनी डोळे टिपले होते, म्हणून मी गप्प बसलो. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.

गाणं आम्ही फेब्रुवारीत इंटरनेटवर टाकलं. आमच्यासारख्यांच्या मानानं बरंच ऐकलं गेलं. लोक रेवतीच्या आवाजाबद्दल लिहीत, पण त्याहून जास्त ढोलकीबद्दल. अपघाताची बातमी माहीत असलेले जुने लोक दस्तगीरभाईंना रस्त्यात थांबवून मिठी मारत.

मार्चच्या सुरुवातीला शमाभाभी क्लासच्या दाराशी आल्या. मुलं बाहेर पडेपर्यंत त्या जिन्यात थांबल्या.

"सन्मतीभाऊ, तुमचं ऐकतील ते," त्या म्हणाल्या. "व्यायाम बंद केलाय. महिना झाला. दवाखान्यातून दोनदा फोन आला. म्हणतात, मला काय झालंय आता."

"कधीपासून?"

"गाणं ऐकून आले त्या दिवसापासून. घरात वाजवतात, पण मोबाइलवर गाणं लावून त्याच्यासंगं. मी आतनं ऐकते. मला त्यातलं काय कळत नाही, पण गाण्यातली ढोलकी थांबली की यांची ऐकू येत नाही."

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. दस्तगीरभाई जमिनीवर बसून ढोलकीच्या दोऱ्या ताणत होते. उजव्या हाताची दोन बोटं तशीच वाकलेली होती. त्यांनी मला बघितल्याबरोबर हसून जागा केली.

"हिनं पाठवलंय तुला. बस."

"व्यायाम सोडू नका, दस्तगीरभाई. वर्ष पूर्ण होऊ दे."

"कशाला? तीन तास जातात त्यात. दुखतंय ते वेगळंच." त्यांनी दोरी दातानं धरून गाठ मारली. "तूच सांग. रेकॉर्डिंग तुझं. गाणं शंभरदा ऐकलंस. कुठं चुकलंय?"

भाभी चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी हातातलं काम थांबवलं होतं.

"सांग की. एक जागा दाखव."

"नाही," मी म्हणालो. "कुठंच नाही."

"झालं तर मग," ते भाभींना म्हणाले. "ऐकलंस ना? चहा टाक."

मी तो चहा पिऊन आलो.

मेमध्ये कोल्हापूरच्या एका मंडळानं वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला बोलावलं. त्यांना आमचं गाणं हवं होतं, आणि त्यानंतर दस्तगीरभाईंची एकट्याची वीस मिनिटं. मी तारीख जमत नाही म्हणून बघितलं. मग म्हणालो, गिटारची तार मिळत नाहीये. रेवती माझ्याकडं बघतच राहिली. दस्तगीरभाई म्हणाले, "तुझ्याशिवायही जाऊ आम्ही. पण तू असावास असं वाटतं."

मी गेलो.

संध्याकाळचे सात वाजले होते, मांडवात चारएकशे माणसं असतील. निवेदकानं सांगितलं, "ज्यांची ढोलकी तुम्ही मोबाइलवर ऐकलीत, ते आज तुमच्यासमोर प्रत्यक्ष आहेत. मृत्यूच्या दारातून परत आलेला हा हात आहे." टाळ्या झाल्या. दस्तगीरभाईंनी दोन्ही हात जोडले.

पहिलं कडवं संथ होतं, ते निभावलं. दुसऱ्यात उजवी पुडी अधूनमधून बोलेनाशी झाली. मी गिटार जोरात वाजवायला लागलो. रेवतीनं पेटीचा भाता ओढून आवाज भरला. मग द्रुत भाग आला. गाण्यात जशी झडप आहे तशी घ्यायला त्यांनी हात उचलला, आणि बोटं पुडीवर पडून तिथंच राहिली. त्यांनी परत उचलला. परत तेच. फक्त डावी बाजू घुमत राहिली. मागच्या रांगेतून कुणीतरी त्यांना आधार म्हणून टाळ्यांचा ठेका धरला. मग सगळा मांडव ठेका धरायला लागला. चारशे माणसांचा ताल बरोबर पडत होता आणि त्यांचा पडत नव्हता.

त्यांनी वाजवणं थांबवलं. दोन्ही हात ढोलकीवर ठेवले आणि माझ्याकडं बघितलं.

मी खाली बघितलं, गिटारच्या दांडीकडं. बोटं कुठं ठेवायची हे विसरल्यासारखं.

रेवतीनं एकटीनं गाणं संपवलं. एकट्यानं वाजवायची वीस मिनिटं झालीच नाहीत. निवेदक म्हणाला, तब्येत बरी नाही.

परतताना जीपमध्ये, इचलकरंजीच्या अलीकडं दस्तगीरभाई म्हणाले, "रेवती, माफ कर पोरी." आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, "तुझं गाणं खराब केलं मी. तू एवढं चांगलं केलं होतंस."

"असं काही नाही," मी म्हणालो. "होतं कधी कधी."

रेवती पुढच्या सीटवर होती. ती वळली, माझ्याकडं बघितलं. मी तिला "हो" म्हणालो होतो ते खोटं होतं, हे तिला तेव्हा कळलं. तिनं त्यांच्यासमोर काही म्हटलं नाही. घरासमोर उतरताना मला म्हणाली, "उद्या सांग. नाहीतर मी सांगते."

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ते स्वतःच आले. जिना चढताना त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला, माग बंद होते ना. ते नेहमीसारखे खाली पसरून बसले नाहीत. दाराशी उभे राहिले.

"एक विचारायचंय," ते म्हणाले. "गाण्यात मी चार ठिकाणी हं म्हणतो. चारी वेळा सारखंच. तेवढंच लांब, तेवढंच खालून. तीन दिवस तेच ऐकतोय." त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "माणसाचा श्वास चारदा सारखा निघत नाही, सन्मती."

मी उठून उभा राहिलो.

"मी वाजवलेलं आहे का तुझ्याकडं? त्या दिवशीचं?"

"आहे."

"लाव."

मी लॅपटॉप उघडला. मूळ ट्रॅक शोधायला वेळ लागला. इतक्या महिन्यांत मी तो एकदाही उघडला नव्हता. त्यांना हेडफोन नको होता, म्हणून स्पीकरवर लावला. रेवतीचा आवाज नाही, पेटी नाही. नुसती ढोलकी.

पहिलं मिनिट नीट गेलं. मग उजवा हात अडखळला. ते डोळे मिटून ऐकत होते. अडखळला, सावरला, परत अडखळला. मग दुसऱ्या कडव्यात कुठंतरी वेगळंच काही सुरू झालं. उजव्या पुडीचे ठोके कमी होत गेले, आणि त्यांच्या जागी डावी बाजू काहीतरी भरायला लागली. घुमारा दाबून, मनगटानं घासून, आधी चाचपडत आणि मग जरा धिटाईनं. ठोके रेघेच्या मागं होते, पण सगळे सारखेच मागं होते. शेवटचा द्रुत भाग द्रुत नव्हताच. त्यांनी तो अर्ध्या लयीत घेतला होता. मला पडद्यावर जो गुंता दिसला होता तो हा होता. तो मी नुसता बघून कापला होता.

ते संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"मधलं बोट उठत नव्हतं," ते म्हणाले, "म्हणून डाव्यानं भरलं. बघ ना. मला आठवतच नव्हतं हे." त्यांनी डावा हात वर करून बघितला. "हे धरून बसलो असतो तर..."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला वाईट वाटू नये म्हणून?"

त्यांनी एवढंच विचारलं, रागानं नाही. आणि मला त्यांच्यासमोर ते वाक्य पुरं करता आलं नाही. कारण ते खोटं होतं.

खरं कारण मी रेवतीलाही सांगितलं नव्हतं. पुण्यातल्या एका स्टुडिओत मदतनिसाची जागा होती. त्यांनी स्वतः केलेल्या कामाचा नमुना मागवला होता, जानेवारी संपायच्या आत. मला ते गाणं वेळेत आणि निर्दोष हवं होतं. फेब्रुवारीअखेर तिथल्या साहेबांनी फोनवर विचारलं होतं, "घरात बसून ढोलकी एवढी जिवंत कशी पकडलीत? कापाकापी केलीय का?" मी म्हणालो होतो, "नाही सर. एका दमात वाजवलंय. मी फक्त माइक लावला." त्यांना तेच आवडलं. भाभी क्लासच्या जिन्यात आल्या त्याच्या आदल्या दिवशी मला तिथलं नेमणुकीचं पत्र आलं होतं. दस्तगीरभाई ढोलकीच्या दोऱ्या ताणत "एक जागा दाखव" म्हणत होते, तेव्हा ते पत्र माझ्या खिशात होतं. मी जागा दाखवली असती तर गोष्ट गावभर झाली असती. रेवतीनं गाणं इंटरनेटवरून काढायला लावलं असतं. आणि पुण्याला कळलं असतं.

यातलं मी त्यांना काहीही सांगितलं नाही.

"हे मला ऐकवायला पाहिजे होतंस," ते म्हणाले. "वाईट होतं, चांगलं होतं, माझं होतं."

त्यांनी त्याची एक सीडी मागितली. मी करून दिली. आई जिन्याखालून चहा म्हणाली, तर ते म्हणाले, नको बहिणाबाई, आज नको. पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा डाव्या हातानं धरला होता.

ते परत दवाखान्यात गेले, हे मला रेवतीकडून कळलं. तिथल्या बाईंनी हात बघितला आणि मधल्या महिन्यांत काय केलंत असं विचारलं. पुढं वर्षभर ते जात राहिले. बोटं तिथंच राहिली. डाव्या हाताचं त्यांनी घरी करून बघितलं असं भाभी म्हणाल्या. पण स्टेजवर ते परत कधी बसले नाहीत. कोल्हापूरच्या मांडवाची गोष्ट सगळ्या पंचक्रोशीत झाली होती. रेवतीनं माझ्याबरोबर गाणं थांबवलं. जूनमध्ये मी पुण्याला गेलो. ती जागा मी सोडली नाही. तिथंच शिकलो, तिथंच मोठा झालो, आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे.

सात वर्षांनी आईच्या आजारपणात गावी गेलो, तेव्हा धीर करून त्यांच्या घरी गेलो. सकाळची वेळ होती. ते ओसरीवर पेपर वाचत होते. मला ओळखून ताबडतोब उठले.

"या, या," ते म्हणाले. "बसा."

मला वाटलं, माझ्याबरोबर आणखी कुणी आलंय. मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

त्यांनी आत हाक मारली, "अगं, सन्मतीसाहेब आलेत पुण्याहून. खुर्ची आण." भाभींनी खुर्ची आणली, ती त्यांनी स्वतःच्या लुंगीच्या टोकानं पुसली. मी खाली बसतो म्हणालो, तर ऐकेनात. आईची चौकशी केली. कोणत्या दवाखान्यात, कोणते डॉक्टर, काही लागलं तर सांगा. मुलं किती विचारलं. सगळं अगत्यानं.

पुण्याहून निघताना मी काय बोलायचं ते मनात बांधून आलो होतो. स्टुडिओचं, फोनवरचं, खिशातल्या पत्राचं. ते सगळं मी सांगितलं, सात वर्षांनी, त्या खुर्चीत बसून. ते मान खाली घालून ऐकत होते. आखडलेला हात मांडीवर पालथा ठेवला होता.

माझं सांगून झालं. मी म्हणालो, "दस्तगीरभाई, एकदा शिव्या तरी द्या."

"छे, छे," ते म्हणाले. "तुम्हाला कशाला शिव्या देईन मी."

भाभींनी चहा आणला. दस्तगीरभाईंनी कप डाव्या हातानं उचलून माझ्यापुढं धरला.

"घ्या तुम्ही," ते म्हणाले. "गार होईल."